दिवा उलटा करून बघा

‘चालू आहे की नाही, तपासलेलं नाही.’ जुन्या टेबललॅम्पच्या ऑनलाइन जाहिरातींत हे वाक्य इतक्यांदा भेटतं की त्याचं हसू यायचंही थांबतं. जुना रेडिओ तपासला नाही, समजू शकतं. घड्याळाचंही एकवेळ चालेल. दिवा तपासायला काय लागतं? एक बल्ब आणि दोन मिनिटं. तेवढंही केलं नाही म्हणणारा विक्रेता एक तर दिवा लावून, तो पेटत नाही हे पाहून बसलेला असतो, नाहीतर वायरीची दशा बघून पिन सॉकेटमध्ये घालायची त्याची छाती झालेली नसते. आणि तरीही असे दिवे विकले जातात, चांगल्या भावाला विकले जातात. कारण घेणारा उजेड घेत नसतो. उजेड कोपऱ्यावरच्या दुकानात शंभर रुपयांत मिळतो. तो घेतो एक नाव, एक साल, आणि ती दोन्ही खरी असल्याचा भरवसा. वस्तू हातात घेऊन बघायची सोय नाही, म्हणून हा भरवसा फोटो आणि चार ओळींतून द्यायचा. या बाजारातली सगळी भांडणं फिरून फिरून ‘खरा’ या एकाच शब्दापाशी येतात.

आधी कालखंडाचा घोळ. ‘मिडसेंच्युरी मॉडर्न’ हे नाव रूढ झालं ते अमेरिकी लेखिका कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचा विषय होता पन्नासच्या दशकातलं फर्निचर. ढोबळमानाने महायुद्ध संपल्यापासून साठचं दशक सरेपर्यंतचा हा काळ. विक्रेत्यांनी तो दोन्ही टोकांनी ताणला आहे. १९३५चा इंग्लिश दिवा मिडसेंच्युरी, १९७२चा इटालियन दिवाही मिडसेंच्युरी. शोधणारा जो शब्द टाइप करतो तोच शब्द जाहिरातीत असावा लागतो, हे खरं. पण ज्याला दिव्यांतलं कळतं त्याला शीर्षकातलं चुकीचं दशक लगेच खटकतं, आणि मग खालच्या मजकुरावरचा त्याचा विश्वासही उडतो.

या सगळ्या भानगडीचा उत्तम नमुना म्हणजे अँगलपॉइज. जॉर्ज कार्वर्डाइन हा बाथ शहरातला मोटारींचा इंजिनिअर, गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलेला. स्प्रिंगांच्या जोरावर एखादं वजन हवं तिथे नेऊन सोडलं तर ते तिथेच थांबलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. १९३२मध्ये त्याने पेटंट घेतलं. स्प्रिंगा बनवायला तो गेला रेडिचच्या हर्बर्ट टेरी अँड सन्सकडे. स्प्रिंग बनवणारे ते, त्यांनी दिवाच बनवायला घेतला. आधी चार स्प्रिंगांचा कारखान्यांसाठीचा, मग १९३५मध्ये घरांसाठी तीन स्प्रिंगांचा, मॉडेल १२२७. पुढे नॉर्वेच्या याक याकोब्सेनने हक्क घेऊन १९३७मध्ये लक्सो एल-१ काढला, आणि १९८६मध्ये पिक्सारच्या छोट्या फिल्ममध्ये उड्या मारणारा दिवा झाला तो लक्सोच्या घराण्यातला.

आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप जसं डालडा झालं, तसा स्प्रिंगवाला कुठलाही दिवा इंग्रजांच्या तोंडी अँगलपॉइज झाला. विक्रेत्याची पंचाईत इथेच आहे. त्याने अँगलपॉइज लिहिलं आणि दिवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर तो खोटं बोलला की बोलीभाषेत बोलला? घेणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं. पैसे परत.

म्हणून दिवा विकायला काढताना पहिलं काम म्हणजे तो उलटासुलटा करून बघणं. दिव्याखाली अंधार, असं आपण म्हणतो; या दिव्यांची सगळी कुंडली बहुधा खाली नाहीतर मागेच लिहिलेली असते. १२२७वर खालच्या सांध्याजवळच्या पत्र्यावर अँगलपॉइज आणि हर्बर्ट टेरी ही नावं ठोकलेली सापडतात. बूडही बोलतं. आधीच्या १२२७चं चौकोनी बूड तीन पायऱ्यांचं, नंतरच्याचं दोन पायऱ्यांचं. देवळाचं जोतं मोजावं तशा या पायऱ्या मोजायच्या, आणि बुडाचा फोटो टाकायचा. शेडचे सुंदर कोनांतले सहा फोटो आणि बुडाचा एकही नाही, असली जाहिरात दिसली की मी पुढे जातो.

जर्मन कायझर इडेलच्या शेडवर नाव उठावात असतं. हे नावही गमतीचं: ‘इडे’ म्हणजे कल्पना, आणि डेल हे डिझाइनरचं आडनाव, दोन्ही मिळून इडेल. ख्रिस्टियान डेल काही वर्षं वायमारच्या बाउहाउस या डिझाइनशाळेत धातूच्या कार्यशाळेचा मास्टर होता. तेवढ्या आधारावर कायझर कंपनीचा प्रत्येक दिवा ‘बाउहाउस दिवा’ म्हणून विकायला निघतो. डिझाइनर बाउहाउसमध्ये शिकवत होता आणि दिवा बाउहाउसमध्ये घडला, या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. भावातलं अंतर तर त्याहून जास्त. खरोखर बाउहाउसमध्ये जन्मलेला दिवा म्हणजे विल्हेल्म वागेनफेल्डचा, काचेच्या घुमटाचा, १९२४चा. तोही आज जो सर्रास दिसतो तो ब्रेमेनच्या टेक्नोलुमेन कंपनीने १९८०पासून, वागेनफेल्ड हयात असताना त्याच्या परवानगीने बनवलेला. त्याच्या बुडाखाली क्रमांक असतो. म्हणजे पुन्हा उलटा करून बघणं आलंच. तो अधिकृत आहे, देखणा आहे, पण १९२४चा नाही. जाहिरातीत ‘वागेनफेल्ड, बाउहाउस, १९२४’ एवढंच लिहून गप्प बसणारा माणूस एकही खोटा शब्द न लिहिता फसवतो.

सगळ्यात निसरडी जमीन इटालियन दिव्यांची. जीनो सार्फात्तीने आर्तेलूचे कंपनीसाठी सहाशेहून जास्त दिवे रेखाटले. स्टिलनोवो वगैरे कंपन्या त्याच काळातल्या. या प्रसिद्ध नावांच्या आसपास पितळी दांडीचे, रंगीत पत्र्याच्या शेडचे असंख्य दिवे छोट्या कारखान्यांत बनले, आणि त्यांतल्या अनेकांवर कुठलीही खूण नाही. मग जाहिरातीत येतं ‘स्टिलनोवो स्टाइल’, ‘सार्फात्ती पद्धतीचा’, ‘आर्तेलूचे काळातला’. लिलावाच्या जगात या शब्दांना उतरंड आहे. नुसतं नाव लिहिलं की ती जबाबदारी घेतलेली असते. ‘अमुकचा मानला जातो’ म्हटलं की अर्धी जबाबदारी. ‘अमुकच्या धाटणीचा’ म्हणजे त्या माणसाचा नाही, एवढंच नक्की. ऑनलाइन बाजारात ही उतरंड मोडून पडली आहे. एका शीर्षकात चार डिझाइनरांची नावं ओळीने कोंबलेली दिसतात. ईबेच्या नियमांत अशी नावं कोंबणं बसत नाही, तरी ती दिसतातच. माझं मत विचाराल तर निनावी दिवा निनावी म्हणून विकण्यात कमीपणा नाही. ‘इटालियन, बहुधा पन्नासचं दशक, कुठलीही खूण नाही, होल्डरचा फोटो सोबत’ एवढं प्रामाणिक वर्णन वाचून जाणकार स्वतःच ओळखतो आणि बोली चढवतो. ओळखल्याचा आनंद त्याचा, पैसे आपले.

वय ओळखायच्या काही खुणा साध्या आहेत. बाकी सगळे स्क्रू सरळ खाचेचे, काळवंडलेले, आणि मध्येच एक फुलीच्या खाचेचा चकचकीत स्क्रू असेल तर दिवा कुणीतरी उघडला आहे. वायरीवर किंवा बुडाच्या कागदावर ‘सीई’ ही दोन अक्षरं असतील तर तो भाग १९९०नंतरचा. दिवा १९५५चा असलाच तर वायर तरी नाही. बेकलाइटचं स्विच गरम पाण्यात धरलं की त्याला फिनॉलचा उग्र वास येतो, साध्या प्लास्टिकला येत नाही. आणि पिन. ब्रिटनमध्ये १९४७पासून चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आला. त्याआधीचा गोल तीन पिनांचा प्लग तिथे मागे पडला आणि आपल्याकडे मात्र घरोघरी टिकला. इंग्लंडमधल्या माळ्यावर सापडलेल्या दिव्याला गोल पिना दिसल्या तर मराठी माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही. इंग्रज संग्राहकाचे मात्र डोळे लकाकतात.

आता सगळ्यात बिकट प्रश्न: वायर. जुनी वायर म्हणजे तांब्यावर रबर आणि त्यावर सुताची वीण. बाहेरून सूत शाबूत दिसतं, आत रबर कडक होऊन त्याचे तुकडे पडलेले असतात. वायर जरा वाकवली की आतून कुरकुर ऐकू येते, जुना पापड मोडावा तशी. होल्डरपाशी, जिथे बल्बची धग वर्षानुवर्षं लागली, तिथे तर बोट लावताच भुगा होतो. शिवाय जुन्या कितीतरी धातूच्या दिव्यांना अर्थिंगच नाही, दोनच तारा. अंग लोखंडाचं, आतली तार उघडी पडलेली, आणि रात्री अंधारात चाचपडत स्विच शोधणारा हात. जीव जायला आणखी काय लागतं?

म्हणजे वायर बदलायला हवी, यात वाद नसावा. पण संग्राहकाला मूळ वायर हवी असते! फोटोत मूळ, भिंतीच्या सॉकेटमध्ये नवी, अशी त्याची अडचण. त्यामुळे विक्रेते तीन तऱ्हांचे. काही जण जुनी वायर तशीच ठेवतात आणि ‘तपासलेलं नाही’ म्हणून मोकळे होतात. काही जण नवी, वरून विणीचं कापड असलेली वायर घालतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. घेणारा कापड बघून मूळ समजतो. तिसरे, थोडे, वायर बदलतात, तिसरी तार अर्थिंगला जोडतात, ब्रिटनमध्ये असले तर प्लगमध्ये तीन अँपिअरचा फ्यूज घालतात, हे सगळं लिहितात, आणि काढलेली मूळ वायर व जुना प्लग पिशवीत घालून दिव्याबरोबर पाठवतात. मला तिसरी रीत पटते. दिव्याचा इतिहास जपला जातो आणि घेणाऱ्याचा जीवही. विजेचं काम स्वतःला येत नसेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं आणि त्याची पावती जाहिरातीत दाखवावी. धंदा म्हणून दिवे विकणाऱ्याला तर असुरक्षित विजेची वस्तू विकणं ब्रिटनमध्ये कायद्यानेच बंद आहे, वस्तू जुनी असली तरी.

परदेशात पाठवायचा असेल तर व्होल्टचा प्रश्न येतो, आणि इथे लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण घाबरत नाहीत. साधा बल्बचा दिवा २३० व्होल्टच्या देशातून १२० व्होल्टच्या अमेरिकेत गेला तर बल्ब तिथला लावायचा, प्लग बदलायचा. बाकी दिव्यात व्होल्टशी बांधलेलं काही नसतं. पण रिशार्ड सापरचा टिझिओ, आर्तेमिदेने १९७२मध्ये आणलेला, वेगळा प्राणी आहे. त्याच्या बुडात ट्रान्सफॉर्मर आहे, त्यातून कमी व्होल्टची वीज निघते आणि चक्क दिव्याच्या धातूच्या बाह्यांतून वर हॅलोजनपर्यंत जाते, वेगळी वायर नाहीच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो आहे. युरोपातला टिझिओ अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला विकताना ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा हे लिहिलं नाही, तर पार्सल परत येणार हे धरून चालावं.

साफसफाईवर फार बोलायला नको: ओला फडका, मऊ ब्रश, आणि थांबायची अक्कल. पितळी दांडी ब्रासोने लखलखीत करणं हा आपल्या घरांतला संस्कार, देवाची समई घासावी तसा. या बाजारात तो नुकसान करतो. रंगाचे पोपडे निघालेले असले तरी नवा रंग मारू नये. मूळ रंगाचा खरवडलेला दिवा नव्या रंगाच्या तुकतुकीत दिव्यापेक्षा जाणकाराला प्यारा असतो. कारखान्यातल्या दिव्याचा रंग काढून लोखंड चमकवायची एक लाट मध्ये होती. तसे दिवे हॉटेलांच्या सजावटीत खपले. त्यांचा मूळ रंग गेला तो गेलाच.

नकलांचा प्रश्न कायद्याच्या कचेरीत गेला तो एका दिव्यावरूनच. कास्तिल्योनी बंधूंचा १९६२चा आर्को हा संगमरवरी बुडाचा, कमानीसारखा उभा दिवा. त्याची नक्कल चीनमधून आणून इटलीत विकणाऱ्याविरुद्ध आर्को बनवणारी फ्लॉस कंपनी भांडली, आणि २०११मध्ये युरोपच्या न्यायालयाने डिझाइनची नोंदणी नसली तरी कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं, या बाजूने कौल दिला. ब्रिटनमध्ये कारखान्यात बनणाऱ्या कलाकृतींचा कॉपीराइट पंचवीस वर्षांत आटोपायचा. ते कलम २०१६मध्ये रद्द झालं आणि नकला विकणारी कितीतरी दुकानं अडचणीत आली. भारतात उलटं आहे. नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन पन्नासहून जास्त वेळा कारखान्यात बनलं की आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. आकार वापरणं एक, आणि दुसऱ्याचं नाव ठोकणं दुसरं. नावाची चोरी सगळीकडे चोरीच.

अधिकृत पुनर्निर्मितीचा परिणाम मात्र विक्रेत्याच्या थेट खिशावर होतो. आर्ने याकोब्सेनने कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी केलेला तिरक्या शेडचा दिवा लुई पॉल्सेन आजही बनवते. ग्रेटा ग्रॉसमनचा १९४७चा ग्रासहॉपर गुबी बनवते. नवा, हमीसकट, दुकानात मिळत असताना मळका जुना त्याहून महाग कोण घेईल? घेणारे असतात, पण ते खुणा आणि पुरावा बघूनच घेतात. बाकीच्यांसाठी नव्याची किंमत हीच जुन्याची कमाल मर्यादा.

भावाबद्दल एकच सांगणं: लोक काय मागतात ते बघू नका, काय भरतात ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी गाळणी आहे. तिथे दिसतो तो भाव. महिनोन्‌महिने न विकता पडून असलेल्या दिव्यावरची किंमत हा भाव नव्हे, ती विक्रेत्याची आशा. फर्स्टडिब्जसारखी जागा मुळात व्यापाऱ्यांची, पॅरिसच्या जुन्या बाजारातून २०००च्या सुमारास उगवलेली. तिथल्या किमतीत दुरुस्ती, गोदाम, घासाघिशीची जागा, सगळं धरलेलं असतं. घरातला एक दिवा विकणाऱ्याने तो आकडा बघून स्वप्नं रंगवू नयेत. ईबेने ब्रिटनमध्ये खासगी विक्रेत्यांची फी २०२४च्या ऑक्टोबरपासून काढून टाकली आणि पुढे घेणाऱ्यावर शुल्क बसवलं. पैसे शेवटी त्याच दिव्यातून निघतात, हे बोली लावणारा मनात धरतोच. ईबेच्या जन्मकथेतली १९९५ची ती पहिली वस्तूही आठवण्यासारखी आहे: मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला गेलेला. मोडका आहे हे सांगून विकलेला, आणि घेणाऱ्याला मोडकाच हवा असलेला.

आपल्याकडे या भावाच्या गोष्टीची कडवट बाजू चंदीगडने दाखवली. वास्तुविशारद प्येर जानरे आणि मंडळींनी सरकारी कार्यालयांसाठी केलेल्या खुर्च्या-टेबलं भंगार म्हणून लिलावात निघाली आणि परदेशी लिलावांत लाखोंच्या भावाला गेली. २०११मध्ये गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि बाहेर नेण्याला मनाई केली, पण १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो, हे फर्निचर तर त्याहून तरुण. आज तिथल्या खुर्चीवर कारकुनाने रंगवलेला कार्यालयाचा क्रमांक हाच तिचा दाखला. दिव्याचंही तसंच. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेल्या दिव्यावर एखाद्या कचेरीची पत्र्याची चकती असेल तर ती घासून काढू नका.

शेवटी खोका. मी माझा एकमेव १२२७ विकला तेव्हा सगळं नीट केलं आणि बांधताना माती खाल्ली. शेड काढली नाही. घरापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाताना जड बुडाने हातोड्याचं काम केलं आणि शेडच्या काठाला चंद्रकोरीएवढी खोक पडली. अर्धे पैसे परत केले. तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगतो: बल्ब काढा, शेड काढून वेगळी गुंडाळा, बूड सुटत असेल तर त्याला वेगळा खोका. दिव्याचा हात मिटवून कापडी पट्टीने बांधा, कारण स्प्रिंगांना उघडायचीच ओढ असते. पट्टी रंगावर चिकटपट्टीने चिकटवू नका, सोडताना रंग निघून येतो. खोका हलवून बघा, आत काही हललं तर पुन्हा भरा. आणि विमानाच्या कुरिअरचा हिशोब आधी करा, ते वजनाबरोबर जागाही मोजतात. ६० × ४० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचा गुणाकार ७२,०००, त्याला ५,०००ने भागलं की १४.४ किलो. आतला दिवा चार किलोचा असला तरी पैसे चौदाचे.

माझा तो दिवा घेणारा पुढे नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि जाताना दिवा सामानातून घेऊन गेला. तिथून त्याचा निरोप आला होता, होल्डर खाचेचा आहे, बल्ब कुठला घेऊ? कुठलाही, म्हटलं. इंग्लंडचा जुना खाचेचा होल्डर आणि आपला, दोन्ही बी-२२. पेठेतल्या वाण्याकडून त्याने नऊ वॅटचा एलईडी आणला आणि शेडची ती खोक भिंतीकडे फिरवून दिवा टेबलावर ठेवला.